बांधाचा दावा सातासमुद्रापार

(लोणंद येथे झालेल्या सातारा-सांगली जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



बांधाचा दावा म्हणजे काय, हे या मांडवात बसलेल्या कुणाला समजावून सांगायची गरज नाही. वरच्या रानातल्यानं पाण्याची वाट अडवली, पाणी तुंबून खालच्याच्या वावरात घुसलं, हातातोंडाशी आलेला शाळू आडवा झाला, की खालचा उठतो आणि तहसीलदाराकडं जातो. त्यासाठी १९०६ सालचा मामलेदार कोर्ट कायदा आहे. नैसर्गिक वाहत्या पाण्याला कुणी अडथळा केला आणि त्यानं पिकाचं नुकसान झालं, किंवा होण्यासारखं असलं, तर तो अडथळा काढायचा हुकूम तहसीलदार देऊ शकतो. अट एकच. सहा महिन्यांच्या आत गेलं पाहिजे. सातव्या महिन्यात गेलात तर तुमचं म्हणणं सोळा आणे खरं असूनही त्या कोर्टात ते चालत नाही. ही मुदतीची गोष्ट ध्यानात ठेवा, पुढं ती पुन्हा येणार आहे.

आज ज्या दाव्यांबद्दल बोलायचं आहे ते सगळे याच जातीचे आहेत. फरक इतकाच, की वरचं रान एका देशात आहे आणि खालचं दुसऱ्या देशात, आणि मधला बांध समुद्राएवढा रुंद आहे.

पेरू नावाचा एक देश दक्षिण अमेरिकेत आहे. नाव ऐकून काही जण हसले. हसा, पण ऐका. तिथं वाराज नावाचं गाव डोंगराच्या पायथ्याशी आहे, आणि वर बर्फाचं पाणी साठून झालेला एक तलाव आहे, पाल्काकोचा. १९४१ साली हा तलाव फुटला आणि गावातली हजारो माणसं मेली. आता जग तापतं आहे, बर्फ वितळतो आहे, तलावातलं पाणी पुन्हा वाढलं आहे. तिथला एक शेतकरी, साऊल लुसियानो यूया, डोंगरात वाटाड्याचंही काम करतो. त्यानं विचार केला, की बर्फ वितळला तो धुरानं, आणि धूर सोडला तो कोळसा जाळणाऱ्यांनी. मग २०१५ च्या नोव्हेंबरात त्यानं जर्मनीतल्या आरडब्ल्यूई या वीज कंपनीवर तिच्याच गावच्या, एसेनच्या, कोर्टात दावा लावला. त्या कंपनीचं पेरूत एकही वीजकेंद्र नाही. पण कारखानदारी सुरू झाल्यापासून जगात जेवढा धूर झाला, त्यात या एका कंपनीचा वाटा ०.४७ टक्के आहे असा अभ्यास होता. त्यावरून हा माणूस म्हणाला, तलावापासून बचाव करायला जो खर्च येईल त्याचा एवढा वाटा कंपनीनं द्यावा. मागणी किती? सुमारे १७ हजार युरो. आपल्या हिशेबात पंधरा-सतरा लाख रुपये. एवढ्या मोठ्या कंपनीला ही रक्कम म्हणजे काहीच नाही. पण तिनं ती दिली नाही, साडेनऊ वर्षं वकील लावून भांडली. का भांडली? कारण एका यूयाला दिले, तर उद्या दारात रांग लागेल.

आता यातली गंमत बघा. दावा कुठल्या कलमाखाली होता? हवामानाच्या कुठल्या नव्या कायद्याखाली नव्हता. जर्मनीच्या दिवाणी संहितेत १००४ नंबरचं कलम आहे. दुसऱ्यानं तुमच्या मालकीच्या जागेला त्रास दिला तर तो थांबवायला सांगता येतं, असं ते सांगतं. म्हणजे शेजाऱ्याशेजाऱ्यांच्या भांडणाचं कलम. आपला बांधाचा कायदाच म्हणा ना.

एसेनच्या कोर्टानं २०१६ साली दावा फेटाळला. तो अपिलात हाम गावच्या वरच्या कोर्टात गेला. त्या कोर्टानं २०१७ साली सांगितलं, की दावा ऐकण्यासारखा आहे, पुरावा घेऊ. २०२२ साली न्यायाधीश स्वतः पेरूला जाऊन तलाव आणि घर बघून आले. आपल्याकडं स्थळ पाहणीला सर्कल येत नाही म्हणून आपण वर्षवर्ष हेलपाटे घालतो. आणि २८ मे २०२५ ला निकाल लागला. दावा फेटाळला.

मग मी हे तुम्हाला कशाला सांगतोय? कारण फेटाळताना कोर्टानं काय लिहिलं ते महत्त्वाचं आहे. कंपनीचं म्हणणं होतं, की आम्ही इथं, तो तिथं, एवढ्या लांबचा शेजारी कसला? कोर्ट म्हणालं, अंतर हे कारण होऊ शकत नाही. कंपनी म्हणाली, आमच्याकडं सरकारी परवाना आहे. कोर्ट म्हणालं, परवाना आहे म्हणून दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान करायची मुभा मिळत नाही. कंपनी म्हणाली, धूर सगळं जगच सोडतं, आमचा वाटा तो केवढा! तेही कोर्टानं मानलं नाही. म्हणजे तत्त्व यूयाच्या बाजूनं गेलं. हरला तो कुठं? त्याच्या स्वतःच्या घरावर पाणी येण्याचा धोका पुढच्या तीस वर्षांत एक टक्क्याच्या आसपास आहे, असं कोर्टानं नेमलेल्या जाणकारांनी सांगितलं. एवढ्या धोक्यावर हुकूम देता येत नाही, म्हणून दावा गेला. तत्त्व जिंकलं आणि पुराव्यात हरला. यात आपल्या कामाचं काय, ते पुढं बोलू.

दुसरी गोष्ट २३ जुलै २०२५ ची. हॉलंडमध्ये हेग शहरात आंतरराष्ट्रीय न्यायालय आहे, देशादेशांमधले तंटे तिथं चालतात. प्रशांत महासागरातल्या बेटांवरच्या कायदा शिकणाऱ्या पोरांनी २०१९ साली एक मागणी उचलली, वानुआतू या छोट्या देशानं ती लावून धरली, २०२३ च्या मार्चमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सभेनं ठराव केला, आणि या कोर्टाला विचारलं गेलं, की हवामान बिघडवण्याबद्दल देशांवर कायद्यानं काय जबाबदारी येते? सगळ्या पंधरा न्यायाधीशांनी एकमतानं मत दिलं. आपल्या हद्दीतल्या धुरानं दुसऱ्याच्या हद्दीत मोठं नुकसान होऊ नये याची काळजी घेणं हे देशाचं कर्तव्य आहे. खाजगी कंपन्यांना आवर घालणंही त्यात येतं. आणि कर्तव्य मोडलं, नुकसान झालं आणि दोन्हींचा संबंध सिद्ध झाला, तर भरपाईसुद्धा मागता येते.

हे मत आहे, हुकूमनामा नाही. या मतावर कुणाच्या दारात जप्ती जात नाही. आपल्या सरकारनं या सुनावणीत २०२४ च्या डिसेंबरात बाजू मांडली. हवामानाचे जे करार झाले आहेत त्यांच्या पलीकडं नवी बंधनं घालू नका, आणि धूर मुख्यतः श्रीमंत देशांनी केला आहे, अशी ती बाजू. दुसरा भाग खराच आहे. पण दिल्लीनं परदेशात मांडलेला हाच न्याय ती देशात शेतकऱ्याला लावते का, हे बघायला नको?

दिल्लीच्या हवेसाठी पंजाब-हरियाणाच्या शेतकऱ्याला काडीकचरा जाळला म्हणून दंड आहे. २०२४ च्या नोव्हेंबरात केंद्रानं तो दुप्पट केला. पाच एकरांवरच्या शेतकऱ्याला ३० हजार रुपये. म्हणजे जर्मन कंपनीला १७ हजार युरो मागितले तर तत्त्वाचा निकाल यायला साडेनऊ वर्षं, आणि भातवाल्याला ३० हजारांची पावती एका दुपारी. म्हणून कुणी येऊन सांगू लागला, की हवामानाचा कायदा आला, आता शेतकऱ्याचं भलं झालं, तर लगेच टाळ्या वाजवू नका. हा कायदा दुधारी आहे. आपण वादी म्हणून हजर राहिलो नाही, तर आपल्याला प्रतिवादी म्हणून उभं केलं जाईल. बैलाचा आणि म्हशीचा धूर मोजायला माणसं निघालेलीच आहेत.

आता परदेशी कंपनीला तिच्या गावात गाठायची गोष्ट. यात आपला देश जुना आहे. १९८४ साली भोपाळला युनियन कार्बाइडचा वायू सुटला. भारत सरकार स्वतः न्यूयॉर्कच्या कोर्टात गेलं आणि म्हणालं, की खटला तुम्हीच चालवा. १९८६ च्या मे महिन्यात तिथल्या न्यायाधीशानं खटला परत भारतात पाठवला. १९८९ साली ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली, आणि माणसं तेव्हापासून कमी पडलेल्या पैशांसाठी भांडत राहिली. १९८६ साली जे दार बंद झालं ते पुष्कळ वर्षं बंदच होतं.

ते किलकिलं झालं ते दुसऱ्याच लोकांमुळं, आणि यात आपल्याला जरा मान खाली घालायला लावणारी गोष्ट आहे. आफ्रिकेत झांबिया देशात चिंगोला इथं तांब्याची खाण आहे. तिच्या पाण्यानं नदी आणि रानं नासली म्हणून १,८२६ गावकरी लंडनच्या कोर्टात गेले. कंपनी कुठली? वेदांत, आपल्याच देशातल्या माणसानं उभी केलेली, लंडनला नोंदवलेली. २०१९ च्या एप्रिलमध्ये इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की हा खटला इथं चालू शकतो, मूळ कंपनीला हात झटकता येणार नाहीत. २०२१ च्या जानेवारीत, जबाबदारी कबूल न करता, कंपनीनं तडजोड केली. शेतकऱ्याला लुटणाऱ्याला देश नसतो, हे आपल्याला ठाऊक आहे. पण गावकऱ्यांनी कागद धरून ठेवला तर त्यांनाही सरहद्द अडवत नाही.

आणि आता आपला खटला, कापसाचा. २०१७ सालचा खरीप आठवा. यवतमाळ जिल्ह्यात कापूस डोक्याएवढा वाढला होता, अळी-किडींनी थैमान घातलं होतं, आणि सालगडी, मजूर, लहान शेतकरी पाठीवर पंप घेऊन फवारत होते. उंच कापसात फवारलं की औषध अंगावरच येतं. शेकडो माणसं यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात दाखल झाली, वीसच्या वर दगावली. सरकारनं मेलेल्यांच्या घरच्यांना दोन लाख जाहीर केले आणि चौकशी नेमली. चौकशीतून एक सूर निघाला, शेतकऱ्यानं हातमोजे घातले नव्हते, तोंडाला फडकं नव्हतं. सप्टेंबरच्या उन्हात प्लास्टिकचा डगला घालून कापसात उभं राहून बघावं एकदा या लोकांनी!

फवारलेल्या औषधांपैकी एक होतं पोलो. बनवणारी सिंजेंटा, मुख्यालय स्वित्झर्लंडला बाझेलमध्ये, आणि मालकी त्याच २०१७ सालापासून चीनच्या सरकारी कंपनीची. त्या देशातल्या पब्लिक आय या संस्थेनं यवतमाळच्या पोलिसांचे कागद मिळवले. त्यात ९६ प्रकरणांत पोलोचं नाव होतं, त्यातली दोन माणसं मेलेली. कंपनीनं जबाबदारी नाकारली. २०२० च्या सप्टेंबरात विषबाधेतून वाचलेला एक शेतकरी आणि नवरे गमावलेल्या दोन बायका बाझेलला तडजोडीच्या पायरीवर दावा घेऊन गेल्या. त्याच वेळी ५१ कुटुंबांनी तिथल्या सरकारी यंत्रणेकडं वेगळी तक्रार केली. तडजोड झाली नाही, आणि २०२१ साली दावा बाझेलच्या दिवाणी कोर्टात उभा राहिला. विदर्भातल्या कापसाच्या रानातल्या दोन विधवा एका जगभर धंदा करणाऱ्या कंपनीला तिच्या घरी जाऊन जाब विचारतात, हे भोपाळनंतरच्या कित्येक वर्षांत घडलं नव्हतं.

पण सप्टेंबर २०२० च का? मुदत! स्वित्झर्लंडच्या कायद्यात माल सदोष निघून इजा झाली, तर कळल्यापासून तीन वर्षांत दावा लावावा लागतो. २०१७ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरला तीन वर्षं मिळवा. अगदी काठावर गेली मंडळी. आणि विचार करा, दवाखान्यात गेलेली माणसं शेकडो, पण कोर्टापर्यंत पोचली ती तीन. ज्याच्या केसपेपरवर औषधाचं नाव नाही, ज्याच्याकडं बाटली नाही, पावती नाही, ज्याच्या बाबतीत पोलिसांनी जबाब घेतला नाही, त्याला बाझेलला जाऊन काय सांगता येणार? आजार खरा, मरण खरं, पण कुठल्या औषधानं, हे सांगायला कागद नाही. यूया जिथं हरला तीच ही जागा.

आपल्या देशातली कोर्टं काय म्हणतात? मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की हवामानबदलाच्या वाईट परिणामांपासून मोकळं राहण्याचा नागरिकाला हक्क आहे, घटनेच्या १४ आणि २१ कलमांत तो येतो. खटला होता माळढोक पक्ष्याचा. राजस्थान-गुजरातेत विजेच्या तारांना धडकून ते मरतात, तर तारा जमिनीखालून घ्या, असं कोर्टानं आधी सांगितलं होतं. २०२४ ला तो हुकूम सैल केला आणि सैल करतानाच हा हक्क जाहीर केला. म्हणजे हक्क मिळाला शेतकऱ्याला, आणि सवलत मिळाली वीजवाल्यांना. नान्नजचा माळढोक बघितलेल्यांना यातला विनोद कळेल. तरीही हक्क कागदावर आला आहे, तो आपण वापरला पाहिजे. पाकिस्तानात पंजाबमधल्या असगर लेघारी नावाच्या शेतकऱ्यानं सरकार स्वतःचंच हवामान धोरण पाळत नाही म्हणून लाहोरच्या हायकोर्टात अर्ज केला, आणि २०१५ साली कोर्टानं सरकारच्या डोक्यावर आयोग बसवला. आपल्याइतकाच शेतकरी तो.

दुष्काळाचं बघा. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयानं दुष्काळ जाहीर करायला टाळाटाळ करणाऱ्या राज्यांना झापलं आणि दुष्काळाची संहिता सुधारा म्हणून केंद्राला सांगितलं. संहिता आली, डिसेंबर २०१६ मध्ये. तिच्यात पाऊस, उपग्रहावरून दिसणारी हिरवळ, मातीतली ओल, असे निर्देशांक आले. आणि ३१ ऑक्टोबर २०२३ ला राज्य सरकारनं त्या संहितेवर चाळीस तालुके जाहीर केले. सातारा जिल्ह्यात वाई आणि आपला हा खंडाळा. सांगलीत शिराळा, कडेगाव, खानापूर, मिरज. माण नाही, खटाव नाही, जत नाही, आटपाडी नाही! शिराळ्याच्या डोंगरात भात पिकतो, आणि जतेत टँकरची वाट बघतात, हे सांगलीतल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. ओरड झाल्यावर नोव्हेंबरात आणखी शेकडो महसूल मंडळं दुष्काळसदृश म्हणून घेतली. खंडाळ्याच्या भावांनी वाईट वाटून घेऊ नये, तुमचं दुखणं खरंच होतं. मुद्दा हा, की आकड्यानं जत ओलं ठरलं आणि जतेच्या माणसाकडं उलटा आकडा नव्हता.

पिकविम्याचं तर ताजं आहे. २०२० च्या खरिपात धाराशिव जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबादेत, काढणीच्या वेळी पावसानं सोयाबीन बुडालं. विमा कंपनी म्हणाली, ७२ तासांत कळवलं नाही. रस्ते पाण्याखाली, फोन बंद, आणि ७२ तास! शेतकरी औरंगाबादच्या खंडपीठात गेले. सरकारी यंत्रणेनं केलेले पंचनामे हातात होते. २०२२ च्या मे महिन्यात कोर्टानं साडेतीन लाखांवर शेतकऱ्यांना भरपाई द्यायचा हुकूम दिला, आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयातही तो टिकला. पैसे हातात पडायला त्यानंतरही झगडावं लागलं, ते निराळं. पण परदेशातल्या कुठल्याही हवामान खटल्यापेक्षा जास्त शेतकऱ्यांना या खटल्यानं दाद मिळाली, आणि ती तलाठ्याच्या पंचनाम्यावर मिळाली. पुढं २०२५ च्या खरिपात राज्य सरकारनं विम्याची योजनाच बदलली, पूर-पाऊस-गारपिटीची वेगळी भरपाई काढून टाकली आणि सगळं पीक कापणी प्रयोगावर नेऊन ठेवलं. कोर्टात जिंकलेलं मंत्रालयात असं हरतं. त्यासाठी कोर्ट पुरत नाही, रस्त्यावरच यावं लागतं.

मघाशी एका भावानं चिठ्ठी पाठवली, की आपणही जर्मनीत दावा लावायचा का? सिंधमधल्या पुरात भात-गहू गेलेल्या शेतकऱ्यांनी २०२५ साली जर्मन कंपन्यांना नोटिसा धाडल्या, त्यात हीच आरडब्ल्यूई आहे. बेल्जियममध्ये एका शेतकऱ्यानं २०२४ साली तेल कंपनीवर दावा लावला आहे. तेव्हा नाही म्हणायचं कारण नाही. पण विचारा स्वतःला, २०१८ ला किंवा २०२३ ला तुमचा शाळू किती एकर गेला, किती क्विंटल गेला, कधी पेरला होता, पाऊस कुठल्या तारखेला किती पडला, हे दाखवायला घरात काय आहे? सातबाऱ्यावर पीकपेरा खरा नोंदलेला आहे का, की मागच्या साली जे होतं तेच पुढं आलं आहे?

प्रत्येक गावातून दोन माणसं पाहिजेत, त्यात एक बाई असावी. एक साधी वही घालायची. पेरणीची तारीख, पाऊस, पंचनाम्याची नक्कल. दुकानदाराकडून बियाण्याची आणि औषधाची पक्की पावती, तिच्यावर लॉट नंबर. बियाणाच्या बाबतीत शेतकरी हा ग्राहक आहे असं सर्वोच्च न्यायालयानं २०१२ सालीच सांगितलं आहे, पण ग्राहक आयोगाकडं दोन वर्षांच्या आत जावं लागतं. फवारताना कुणाला चक्कर आली, उलटी झाली, तर माणसाबरोबर बाटलीही दवाखान्यात न्यायची आणि केसपेपरवर औषधाचं नाव लिहून घेतल्याशिवाय उठायचं नाही.

आणि तुमच्या महसूल मंडळाचं महावेधचं हवामान केंद्र कुठं बसवलं आहे, ते या महिन्यात जाऊन बघा. एका मंडळात दहा-पंधरा गावं, आणि पाऊस मोजणारं यंत्र एक. ते ओढ्याकाठच्या झाडाखाली आहे, की इमारतीच्या आडोशाला, की उघड्या माळावर? तारीख घालून फोटो काढा, गावात स्वतःचं पर्जन्यमापक लावा आणि दोन्ही आकडे शेजारीशेजारी लिहा. आकड्यांत फरक पडला तर तहसीलदाराला लेखी कळवा आणि पोच घ्या. पुढच्या बैठकीला या वह्या बरोबर आणायच्या आहेत. माण, खटाव आणि जतच्या मंडळींनी आधी.